नॉर्स आणि केल्टिक पुराणकथांवरून गेमचं जग उभारायचंय? पहिल्या वाचनापासून पहिल्या प्रोटोटाइपपर्यंत

पहिलाच फँटसी गेम करायला घेतलाय, टीम दोन-तीन जणांची आहे, आणि जग 'व्हायकिंग टाइप' किंवा 'केल्टिक टाइप' असणार एवढं ठरलंय. पुढे बहुतेकांचं एकच होतं: देवांच्या नावांची यादी, शिंगांचं हेल्मेट, चार रून्स (जुनी नॉर्स अक्षरं), आणि खाली तोच तलवार आणि औषधाच्या बाटलीचा गेम. त्यात उद्या ग्रीक नावं घातली तरी काही बिघडणार नाही.

या कथांची ताकद त्यांतल्या कायद्यांत आहे. कुणाला काय मना आहे, काय केलं की काय भोगावं लागतं, मेलेला परत आला तर काय गमावून येतो. गेम चालतो तोही नियमांवरच. म्हणून खालच्या पायऱ्यांत चित्रांआधी नियम येतात. हा क्रम उलटू नका.

आधी हाताशी काय हवं

- एक स्प्रेडशीट किंवा ऑब्सिडियनसारखं नोंदींचं अ‍ॅप
- गोदो (फुकट गेम इंजिन), ब्लेंडर, आणि चित्रांसाठी क्रिता
- नोटो सॅन्स रूनिक आणि नोटो सॅन्स ओघम (ओघम ही जुनी आयरिश लिपी) हे फॉन्ट. दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये आहेत, त्यामुळे अक्षरं चित्र म्हणून चिकटवायची गरज नाही
- आयरिश मजकुरांसाठी कॉर्कच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं 'सेल्ट' हे ऑनलाइन भांडार. बऱ्याच मजकुरांचे इंग्रजी अनुवाद तिथे आहेत
- दोन्ही एड्डांचा (नॉर्स कथांचे गद्य आणि पद्य संग्रह) आणि माबिनोगीचा (वेल्श कथांचा संग्रह) एकेक पूर्ण अनुवाद, टिपांसकट
- वाचनासाठी किमान तीन आठवडे. ते वाचवायला गेलात तर पुढे मॉडेल पुन्हा करण्यात जातील

१. एक प्रदेश आणि एक काळ ठरवा

सगळ्या केल्टिक लोकांचा मिळून एकच पुराणसंच असा नाही. आयर्लंडच्या कथा वेगळ्या, वेल्सच्या वेगळ्या, आणि सीझरच्या काळातल्या गॉल लोकांनी स्वतःच्या कथा लिहूनच ठेवल्या नाहीत. आयरिश साहित्याचे अभ्यासक चार गट पाडतात: देवांच्या कथा, अल्स्टरच्या वीरांच्या, फिन आणि त्याच्या टोळीच्या, आणि राजांच्या. पहिल्या गेमसाठी यातला एकच गट घ्या.

नॉर्सचं बरंचसं आपल्याला आइसलँडमधून मिळतं, तेही ख्रिस्ती झालेल्या आइसलँडमधून. धर्मांतर इ.स. १००० च्या सुमाराचं, स्नोरी स्टुर्लुसॉनची गद्य एड्डा १२२० च्या आसपासची, आणि पद्य एड्डाचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, सुमारे १२७० चं. त्याची आठ पानं हरवलेली आहेत. आयरिश हस्तलिखितंही ख्रिस्ती लेखकांनीच लिहिली. तेव्हा 'अस्सल मूळ रूप' शोधत बसू नका. कुठल्या मजकुरावर उभे आहात ते वहीत लिहा आणि पुढे चला.

दोन्ही परंपरा एकत्र हव्याच असतील, तर त्या जिथे खरोखर भेटल्या तिथे जा. डब्लिनला नॉर्स लोकांनी ८४१ मध्ये तळ ठोकला. आयल ऑफ मॅनवर अँड्रियास गावच्या चर्चमध्ये थोरवाल्डचा क्रॉस आहे: एका बाजूला नॉर्स देवांचा राजा ओडिन याचा पाय लांडग्याच्या जबड्यात, खांद्यावर पक्षी, दुसऱ्या बाजूला हातात क्रॉस आणि पुस्तक घेतलेला माणूस. १०१४ च्या क्लॉन्टार्फच्या लढाईवर तर एक नॉर्स काव्यच आहे. त्यात वाल्किरी (लढाईत कोण पडणार ते ठरवणाऱ्या स्त्रिया) माणसांच्या आतड्यांचं सूत लावून मागावर कापड विणतात, वजनं म्हणून मुंडकी टांगलेली. अशी एक जागा धरलीत की मिश्रणाला कारण मिळतं. नुसते थोर (नॉर्स मेघगर्जनेचा देव) आणि मॉरिगन (आयरिश युद्धदेवी) एका नकाशावर सोडले तर दोघांचेही दात पडतात.

२. मूळ मजकूर वाचा, आणि याच क्रमाने

नॉर्ससाठी आधी स्नोरीची 'गिल्फागिनिंग', कारण ती सरळ प्रश्नोत्तरात आहे. मग पद्य एड्डातली 'व्होलुस्पा', 'ग्रिमनिस्माल' आणि 'हाव्हामाल'. आयर्लंडसाठी 'मोयतुराची दुसरी लढाई', मग 'दा देर्गाच्या वाड्याचा विध्वंस', आणि वेळ उरला तर कूलीच्या बैलाची मोठी कथा. वेल्ससाठी माबिनोगीची दुसरी शाखा.

वाचताना स्प्रेडशीटमध्ये चार रकाने ठेवा: कुठल्या मजकुरात, काय घडलं, त्यामागचा नियम कोणता, आणि किंमत कुणी मोजली. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ गेमला सहसा उपयोगी पडत नाही.

सिनेमा-कॉमिक्समधून डोक्यात बसलेल्या गोष्टी याच टप्प्यावर काढून टाका. 'लायक असेल तोच हातोडा उचलू शकेल' हा नियम एड्डांमध्ये नाही. तिथे थोरला हातोड्यासाठी लोखंडी हातमोजे लागतात, आणि एका कवितेत तर राक्षस हातोडा सरळ चोरून नेतो. लोकी हा ओडिनचा दत्तक मुलगा नसून त्याने ओडिनशी रक्ताचं नातं जोडलेलं आहे. हेल, म्हणजे मेलेल्यांची राणी, ही लोकीची मुलगी. आणि नऊ जगांचा उल्लेख असला तरी नऊच्या नऊ नावांची यादी कुठल्याच जुन्या मजकुरात नाही. इंटरनेटवरच्या याद्या नंतर जुळवलेल्या आहेत.

३. कथेतून नियम काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काही तयार माल:

*थोरचे बोकड.* रथाचे दोन बोकड रात्री कापून खायचे, हाडं कातड्यावर टाकायची, सकाळी ते जिवंत. अट एकच, हाड मोडायचं नाही. एका मुलाने मगजासाठी मांडीचं हाड फोडलं आणि बोकड लंगडा झाला. छावणीची पूर्ण व्यवस्था यात आहे: रोज फुकट जेवण, मगज खाल्ला तर जादा ताकद, पण दुसऱ्या दिवशीपासून रथाचा वेग कमी.

*ग्लेप्निर.* फेनरिर लांडग्याला दोन साखळ्या पुरल्या नाहीत, तिसरी दोरी सहा गोष्टींची केली: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी. क्राफ्टिंगमध्ये ही यादी ठेवायची तर प्रत्येक वस्तू मिळवल्यावर ती जगातून गेली पाहिजे. मांजराच्या पावलांचा आवाज घेतला की गेममधली सगळी मांजरं निःशब्द चालली पाहिजेत. आणि लांडग्याने बांधून घ्यावं म्हणून त्याच्या तोंडात कुणाचा तरी हात ठेवावा लागतो. टीर देवाने ठेवला आणि गमावला.

*वेल्श कढई.* मेलेला योद्धा तीत टाकला की दुसऱ्या दिवशी लढायला उभा राहतो, पण त्याची वाचा जाते. पुनरुज्जीवनाची इतकी चांगली किंमत दुसरीकडे सापडणार नाही. सोबती परत येतो, लढतो, पण वाटेची खूण फक्त त्यालाच ठाऊक होती आणि आता तो सांगू शकत नाही.

*नुअदाचा हात.* आयरिश राजा अव्यंग लागतो. लढाईत हात गेला तशी नुअदाची गादी गेली. वैद्य डीअन केख्तने चांदीचा हात बसवला, त्याच्या मुलाने, मीअखने, खरा हात परत जोडला, तर बापाने मत्सरापोटी मुलाला मारलं. मीअखच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवल्या. बहीण आर्मेदने त्या गुणांनुसार झग्यावर मांडल्या, आणि बापाने झगा झटकून सगळ्या मिसळून टाकल्या. खेळाडूला वनौषधींची विस्कटलेली यादी द्या, लेबलं नकोत. गुणधर्म त्याने वापरून शोधायचे.

आता 'गेश' जरा बारकाईने पाहू. ही एखाद्या माणसावर घातलेली मनाई, आणि नवख्यांनी पहिल्यांदा हीच यंत्रणा बांधावी असं माझं ठाम मत आहे. अल्स्टरचा वीर कू खुलन याच्यावर कुत्र्याचं मांस खाण्याची मनाई होती, आणि शिजत्या चुलीपाशी थांबून खाण्याचीही. शेवटच्या लढाईच्या वाटेवर तीन काण्या म्हाताऱ्या कुत्रा भाजताना भेटतात. तो टाळून निघतो, तेव्हा त्या टोमणा मारतात: मोठी मेजवानी असती तर थांबला असतास, गरिबाचं तुला चालत नाही. तो डाव्या हाताने घास घेतो, उरलेलं डाव्या मांडीखाली ठेवतो, आणि तो हात, ती मांडी निर्बळ होते. कोनारे राजावर तर मनायांची यादीच होती: तीन लाल स्वारांनी तुझ्यापुढे 'लाल' नावाच्या माणसाच्या घरी जाऊ नये, सूर्यास्तानंतर एकट्या स्त्रीने किंवा एकट्या पुरुषाने तू असलेल्या घरात शिरू नये, दोन दासांचं भांडण तू मिटवू नये. यातली एकेकटी पाळणं सोपं आहे, पण परिस्थितीच अशी वळते की सगळ्या मोडत जातात.

गेममध्ये हे असं बसवा:

- प्रत्येक गेशला तीन गोष्टी हव्यात: नेमकी मनाई, ती घालणारं पात्र, मोडल्यावरचा परिणाम. गोदोमध्ये प्रत्येकाचा वेगळा रिसोर्स करा आणि 'खाल्लं', 'आत शिरला', 'झोपला' अशा सिग्नलांना जोडा.
- सुरुवातीला दोन द्या, जास्तीत जास्त चार. त्यापुढे खेळाडूच्या लक्षात राहत नाहीत.
- निदान एका प्रसंगात दोन गेश एकमेकांच्या आड आले पाहिजेत. तो प्रसंग नसेल तर ही नुसती सूचनांची पाटी होते.
- शिक्षा शरीरावर आणि कायमची असावी: डावा हात, म्हणजे ढाल. 'गेम ओव्हर' नको.
- मनाई मोडण्याआधी वस्तूच्या वर्णनात ती दिसली पाहिजे, पण बटण बंद करू नका. नकळत मोडली तर खेळाडू चिडतो. मोडताच आली नाही तर मनाईला अर्थ उरत नाही.
- मोडल्याक्षणी ऑटोसेव्ह करा. नाहीतर लोक जुना सेव्ह उघडतात आणि यंत्रणा फुकट जाते.

४. नकाशा कथेच्या तर्काने काढा

नॉर्स जगाला मध्य आहे: इग्द्रासिल वृक्ष, तीन मुळं, तीन विहिरी. मुळाशी नीधहॉग, शेंड्यावर गरुड, आणि दोघांची दुरुत्तरं वर-खाली पोचवणारी रातातोस्क ही खार. हेलकडे जाताना हेर्मोदला नऊ रात्री अंधाऱ्या दऱ्यांतून घोडा हाकावा लागला, मग गिओल नदीवरचा पूल आला. म्हणजे इथे अंतर खरं आहे, आणि प्रवासाला वेळ लागलाच पाहिजे. हेलकडे 'फास्ट ट्रॅव्हल' दिलंत की ती कथा संपली.

आयरिश अलौकिक जग दूर नाही, पायाखालीच आहे. टेकडीत, जुन्या थडग्यात, 'शी'मध्ये. तिथे जायला वाट नसते, ठरावीक वेळ यावी लागते. सावनच्या रात्री, म्हणजे १ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री, दारं उघडतात. रॉसकॉमन परगण्यात रॅथक्रोहनला उना गाट ही गुहा अशीच सांगितलेली आहे. तोंड इतकं अरुंद की वाकून, घसरत आत जावं लागतं, आणि दाराच्या दगडावर ओघम लेख आहे. तेव्हा एकाच नकाशाचे दोन थर करा, रोजचा आणि सावनचा. मॉडेल बहुतेक तीच राहतात, प्रकाश, आवाज आणि पात्रं बदलतात. लहान टीमला हे परवडतं, हा मोठा फायदा. आतला वेळही वेगळा चालतो. फिनचा मुलगा ओशीन याला तीर ना नोग या चिरतारुण्याच्या प्रदेशात थोडीच वर्षं गेली असं वाटलं, बाहेर ३०० वर्षं उलटली होती. आत घालवलेल्या प्रत्येक मिनिटाला बाहेरचं एक वर्ष असं गुणोत्तर ठेवून बघा.

मेलेल्यांची जागाही इथेच ठरवा. लढाईत पडलेले सगळे वाल्हालात, म्हणजे ओडिनच्या सभागृहात, जात नाहीत. 'ग्रिमनिस्माल'नुसार निम्मे फ्रेया देवीच्या फोल्कवांगमध्ये जातात. आजाराने किंवा म्हातारपणाने गेलेले हेलकडे. ती आगीची जागा नाही: हेलच्या ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव उपासमार. त्याच कवितेत वाल्हालाला ५४० दारं आणि दर दारातून ८०० योद्धे असा हिशोब आहे. गुणाकार ४,३२,००० येतो, आणि आपल्याकडे कलियुगाची वर्षंही तेवढीच. त्यावर कथानक रचायचा मोह होईल, पण आवरा. जुन्या नॉर्समध्ये 'शंभर' म्हणजे १२० असंही मोजत, तसं धरलं तर दारं ६४० आणि योद्धे ९६० होतात.

५. दिसणं: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

*हेल्मेट.* शिंगं नकोत. ती १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटच्या ऑपेराच्या पोशाखांतून लोकांच्या डोक्यात बसली. नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं गियरमुंडबूचं हेल्मेट बघा: गोल टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी.

*ढाल.* गोकस्टाड जहाजावर ६४ ढाली होत्या, व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर, एक काळी एक पिवळी. पात्राच्या उंचीशी हे प्रमाण ताडून बघा. बहुतेक गेममध्ये ढाल जेवणाच्या ताटाएवढी दिसते.

*रून्स.* व्हायकिंग काळात १६ अक्षरांची लहान फुथार्क (रून वर्णमाला) चालत होती. २४ अक्षरांची जुनी फुथार्क त्याआधीची. तुमचा गेम नवव्या-दहाव्या शतकातला असेल तर २४ वाली लावू नका, आणि इंग्रजी शब्द अक्षरागणिक रूनमध्ये बदलू नका; वाचता येणारे खेळाडू असतात. 'व्हायकिंग होकायंत्र' म्हणून विकलं जाणारं वेग्विसिर हे चिन्ह १८६० च्या आइसलँडिक हस्तलिखितातलं आहे.

*ओघम.* २० अक्षरं, पाच-पाचांचे चार गट, दगडाच्या कडेवर कोरलेली, खालून वर वाचायची. सुमारे ४०० दगड उरलेत आणि बहुतेकांवर 'अमक्याचा मुलगा अमका' एवढंच असतं. गेममधल्या ओघम दगडावर मंत्र लिहिण्यापेक्षा एक नाव लिहा आणि ते नाव पुढे कामी आणा.

*गाठीची नक्षी.* 'केल्टिक नॉट' म्हणून मिळणारी नक्षी आणि ते गोल अक्षर ख्रिस्ती मठांतल्या ग्रंथांचं आहे. त्याआधीचा काळ दाखवायचा तर ला तेन या जुन्या केल्टिक शैलीची वळणं घ्या. गॉलवेतल्या तुरो दगडाचे फोटो पुरेसे आहेत. न्यूग्रेंज या आयर्लंडमधल्या थडग्याच्या सर्पिलाकृती तर इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या, केल्टिक भाषा तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या. पण कथेत ते एंगस देवाचं घर आहे. त्याने ते 'एक दिवस आणि एक रात्र' म्हणून मागितलं आणि मग म्हणाला, सगळा काळ दिवस-रात्रींचाच असतो. म्हणून न्यूग्रेंज वापरायला हरकत नाही, फक्त वीरांनी ते बांधताना दाखवू नका.

६. चिन्हं तपासल्याशिवाय पोस्टर काढू नका

काही चिन्हं नाझींनी आणि आजच्या वंशद्वेषी गटांनी उचललेली आहेत: पाय फुटलेला ओथाला रून, दुहेरी सोल रून, वर्तुळातला आखूड केल्टिक क्रॉस. 'काळा सूर्य' तर प्राचीन नाहीच. तो नाझी काळात वेवेल्सबुर्ग किल्ल्यातल्या फरशीवर आला. जर्मनीत दंडसंहितेचं कलम ८६अ अशा बंदी घातलेल्या चिन्हांना लागू होतं. गेमना २०१८ पासून एकेक प्रकरण बघून सूट मिळते, पण ती गृहीत धरू नका. लोगो, आयकॉन आणि ट्रेलरचं पहिलं चित्र, या तिन्ही ठिकाणी ही चिन्हं टाळा. न कळत लावलंत तरी चुकीचे लोक जमतात आणि बाकीचे निघून जातात.

७. नावं आणि उच्चार

आयरिश स्पेलिंग बघून देवनागरी लिहू नका. आजच्या आयरिश उच्चाराच्या जवळ जाणारी रूपं: मेव्ह, नीव्ह, लू, ओशीन, सावन, टूअह डे डॅनन. टीनग्लन या शब्दकोशात कोनाक्ट, मन्स्टर आणि अल्स्टर अशा तिन्ही बोलींतले आवाज ऐकता येतात. एक बोली धरा आणि व्हॉइस करणाऱ्यांना देवनागरी उच्चारांचा तक्ता पहिल्याच दिवशी द्या.

८. हक्क

मूळ कथा कुणाच्या मालकीच्या नाहीत. अनुवाद मात्र असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि अनुवादकही लेखकच. नवा अनुवाद वाचा, पण त्यातली ओळ संवादात उतरवू नका. नियम टिपा आणि वाक्य तुमचं लिहा. कॉमिक्समधल्या थोरचा पोशाख, केस, पंखांचं हेल्मेट हे त्या कंपनीचं आहे. आइसलँडिक कथांतल्या लाल दाढीच्या थोरवर कुणाचा हक्क नाही.

९. पहिला प्रोटोटाइप

एक बेट, तीन पात्रं, दोन गेश, एक सावनची रात्र. वीस मिनिटांत संपला पाहिजे. मॉडेल म्हणून राखाडी ठोकळे चालतील. लढाई नसली तरी चालेल. निदान पहिल्या आवृत्तीत नसावीच, म्हणजे मनाया पेलतात का ते कळतं. पाच-सहा अशा लोकांना खेळायला द्या ज्यांनी या कथा वाचलेल्या नाहीत, आणि खेळताना शेजारी बसून बोलू नका.

संपल्यावर 'आवडला का' असं विचारू नका. 'तुझ्यावर कुठल्या मनाया होत्या आणि कुणी घातल्या?' एवढंच विचारा. मनाई सांगता आली पण घालणारं पात्र आठवलं नाही, तर त्या पात्राचा प्रसंग पुन्हा लिहा. पडद्यावर आयकॉन वाढवून हे सुटत नाही. दोन्ही सांगता आल्या आणि तरीही खेळाडूने जाणूनबुजून एक मोडली असेल, तर मॉडेलिंग सुरू करायला हरकत नाही.